उसनं नाक

नाकवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. ते गिऱ्हाइकांनी लावलं, आणि एकदा चिकटलं ते पुन्हा निघालंच नाही. चौकातल्या मोठ्या वाइन शॉपमध्ये शिरलं की डाव्या हाताला स्कॉचच्या फळ्या होत्या, आणि त्या फळ्यांपुढे चष्मा कपाळावर चढवून हे उभे. नाक म्हणाल तर अगदी साधं, चारचौघांसारखं. पण घर त्या नाकावर चालत होतं, आणि आठ महिन्यांपासून ते नाक कामातून गेलं होतं. ही गोष्ट फक्त दोन माणसांना ठाऊक होती. एक ते स्वतः आणि दुसरी त्यांची बायको.

त्यांची गिऱ्हाइकं काही मोठी दर्दी नव्हती. शनिवारी संध्याकाळी दोन बोटं घेऊन बाटली परत कपाटात ठेवणारी संसारी माणसं. फळ्यांपुढे आली की बिचारी बावरायची. सोनेरी अक्षरं, हरणांची चित्रं, बारा, पंधरा, अठरा असे आकडे. मग हळूच म्हणायची, "मला यातलं काही कळत नाही हो. एक बरीशी द्या."

"चहा कडक घेता की गोड?" नाकवाले विचारायचे.

"चहाचा काय संबंध?"

"सांगा तर. आणि भाजलेल्या पावाची करपलेली कड खाता, की टाकून देता?"

कड खाणाऱ्याला ते धुरकट वासाच्या फळीपाशी न्यायचे, टाकून देणाऱ्याला मधाळ फळीपाशी. दोन बाटल्या खाली काढायचे, दोन छोट्या ग्लासांत थेंब थेंब ओतायचे आणि हुंगायला लावायचे. आकड्याला भुलू नका म्हणायचे. आकडा दारूचं वय सांगतो, अक्कल नाही. पाणी घातलं तर चालेल का, असं कुणी ओशाळून विचारलं तर म्हणायचे, "घाला की. चार थेंब पाण्याने वास उलट खुलतो. आणि सोडा घालणाऱ्यालाही अजून कुणी फाशी दिलेलं नाही." महागडी बाटली त्यांनी कुणाच्या गळ्यात मारली नाही. म्हणूनच माणसं परत परत यायची.

असं हे नाक एका फुटकळ तापात गेलं. ताप उतरल्यावर एका सकाळी ते गॅसपाशी उभं राहून पेपर वाचत होते, आणि हाताच्या अंतरावर पातेल्यातलं दूध करपून काळं होत होतं. बायको आतल्या खोलीतून धावत आली. "अहो, लक्ष कुठंय तुमचं? घरभर वास सुटलाय!"

त्यांनी पातेल्यावर वाकून श्वास घेतला. वाफ लागली, वास नाही. त्या दिवशी दुकानात गेल्या गेल्या त्यांनी सगळ्यात धुरकट बाटली उघडली. तिचं बूच निघालं की पलीकडे गल्ल्यावरचा माणूस नाकाला रुमाल लावायचा. नाकवाल्यांनी ग्लासात नाक बुडवलं. नाकपुड्यांना जरासं चुरचुरलं, एवढंच. बाकी पाणी हुंगावं तसं.

डॉक्टर म्हणाले, परत येईल कदाचित, किंवा येणारही नाही. असलं उत्तर द्यायला डॉक्टर कशाला हवा!

मालकाला सांगून मोकळं व्हावं, असं त्यांच्या मनात आलं होतं. मालक त्यांच्यापेक्षा वयाने लहान, दुकान बापाकडून आलेलं. वाईट माणूस नव्हता, पण भावनेच्या भरात एक पैसाही सोडणारा नव्हता. त्याच आठवड्यात त्याने गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याला दिसत नाही म्हणून केक कापून घरी बसवलं होतं. केकचा तुकडा खाता खाता तो नाकवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुम्ही घाबरू नका. बाटल्या उचलायला मला कुणीही मिळतो. तुम्हाला ठेवलंय ते या नाकासाठी."

त्याने हे कौतुकाने म्हटलं होतं. नाकवाल्यांनी मात्र उरलेला केक कागदात गुंडाळून ठेवला. त्यानंतर सांगायचा विषयच संपला.

बायकोला सांगितलं तेव्हा ती धुतलेली भांडी पुसत होती. तिने आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नव्हता. दोन गल्ल्या पलीकडच्या लाँड्रीत ती कपडे घ्यायच्या काउंटरवर होती. आलेला कपडा उलटापालटा करायचा, डाग हुडकायचा, वास घ्यायचा आणि पावतीआधी गिऱ्हाइकाला सांगायचं, हे तिचं काम. नाहीतर गिऱ्हाईक नंतर लाँड्रीच्या नावाने खडे फोडणार. कॉलर नाकाशी नेली की तिला कळायचं, माणूस पार्टीहून आलाय की दवाखान्यातून.

तिने हातातलं पातेलं पुसून ठेवलं आणि म्हणाली, "आणा तुमच्या त्या बाटल्या. मी वास घेते."

"तू?"

"मग काय शेजारणीला बोलावू?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी नाकवाल्यांच्या पिशवीतून खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटल्या घरी येऊ लागल्या. दुकानात चाखायला उघडलेल्या स्कॉचमधले दोन-दोन चमचे प्रत्येकीत असायचे. जेवणाच्या टेबलाशी ती ताठ बसायची, बाटली नाकाशी न्यायची, डोळे मिटायची आणि सांगायची.

"हे नव्या चामड्याच्या पर्समध्ये कुणीतरी मनुका विसरल्यासारखं आहे."

"शेरी वाइनच्या पिंपात मुरलेली," ते पुटपुटायचे. "पुढची?"

"सुती शर्टावर इस्त्री जरा जास्त टेकली की येतो ना, तसा. आणि मागून व्हॅनिला."

"आणि ही?"

तिने बाटली लांब धरली. "ही दवाखान्यातली चादर. पण समुद्रावर नेऊन वाळवलेली."

ते पोट धरून हसले. तीही हसली. एक बाटली झाली की ती उठून खिडकीपाशी जायची, जरा वेळाने परत यायची. नाक ताजं करून येते, असं म्हणायची. नाकवाल्यांना ते पटायचं; तेही पूर्वी तसंच करायचे.

दुसऱ्या दिवशी हीच भाषा ते गिऱ्हाइकांना ऐकवायचे. आधी ते जंगली मध, दलदलीची माती असलं काहीबाही सांगायचे; ते लोकांना पाठ व्हायचं, पण कळायचं नाही. करपलेला शर्ट सगळ्यांच्या घरात होता. "अरे हो, इस्त्रीच की!" असं म्हणत माणसं बाटल्या उचलू लागली. नाक गेलं आणि नाव झालं. मालक खूश होता.

आणि नाकवाले आतून पोखरले जात होते. कुणीही कधीही ग्लास पुढे करायचं. "हे बघा हो जरा, नेहमीपेक्षा वेगळं येतंय का?" मग ते डोळे मिटून लांब श्वास घ्यायचे आणि पापणीच्या फटीतून समोरच्याचा चेहरा चाचपायचे. भुवई चढली असेल तर "हं, किंचित" म्हणायचं. चेहरा निवांत असेल तर "छे, तीच आहे." प्रत्येक वेळी शर्ट पाठीला चिकटायचा. घरी आल्यावर गॅसची बटणं तीनतीनदा तपासायचे. चौपन्नावं वर्ष चालू होतं. या वयात नोकरी गेली तर दुसरी कोण देणार, याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं.

अशात मालकाच्या डोक्यात आलं, की नेहमीच्या वीसेक गिऱ्हाइकांना एका शनिवारी संध्याकाळी बोलवायचं. सहा बाटल्या उघडायच्या, नाकवाल्यांनी बोलायचं, लोकांनी चाखायचं आणि जाताना विकत न्यायचं. पाच बाटल्या नाकवाल्यांनी निवडल्या. पाचही बायकोच्या नाकाखालून गेलेल्या होत्या.

"सहावी मी आणणार," मालक म्हणाला. "भारीतली आहे. सील तिथेच फोडू. तुम्हालाही आधी दाखवणार नाही. बघू तुमच्या नाकाची कमाल!"

नाकवाले "बरं" म्हणाले. घरी येऊन ते चप्पल न काढताच खुर्चीत बसले. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"ग्लास धुवायला कोण आहे?" तिने विचारलं.

"बघायचंय अजून."

"मी येते. मागच्या खोलीत सिंकपाशी उभी राहीन. ती बाटली फोडली की काहीतरी निमित्त काढून एक ग्लास आत आणा. मी सांगते, तुम्ही बाहेर जाऊन बोला."

ठरलं. शनिवारी दुकानाच्या मधल्या भागातले खोके हलवून खुर्च्या मांडल्या, टेबलावर पांढरी चादर घातली, पाण्याचे जग आणि बिनमिठाची बिस्किटं ठेवली. माणसं आली. शेवटच्या रांगेत, निवृत्त झालेला एक बसचालक येऊन बसला. दुकानात सगळे त्याला ड्रायव्हरसाहेब म्हणायचे. पहिल्यांदा आला तेव्हा तो म्हणाला होता, "मला वासबिस काही कळायचा नाही. जन्मभर डिझेल हुंगलंय." नाकवाल्यांनी त्याला महिनोन् महिने एकेक थेंब हुंगायला लावला होता. ज्या दिवशी त्याला स्वतःहून व्हॅनिला सापडला, त्या दिवशी तो लहान मुलासारखा दुकानभर सांगत सुटला होता.

पहिल्या पाच बाटल्या झकास गेल्या. चामड्याची पर्स झाली, शर्ट झाला, समुद्रावरच्या चादरीला तर टाळ्या पडल्या. मग मालकाने मखमली पिशवीतून सहावी बाटली काढली, सील फोडलं, बूच ओढलं आणि स्वतःच्या हाताने सगळ्या ग्लासांत ओतली. नाकवाल्यांनी एक ग्लास उचलला आणि मागच्या खोलीकडे वळले.

"कुठे निघालात?" मालक हसून म्हणाला. "आधी बोला, मग जा."

"पाणी संपलंय, जग भरून..."

"जग आहे ना भरलेला."

होता. चांगला काठोकाठ भरलेला होता. सगळ्या खुर्च्या त्यांच्याकडे बघत होत्या. आतल्या दारातून बायकोचा चेहरा दिसला, आणि तिलाही कळलं की आता हा ग्लास आत येत नाही.

नाकवाल्यांनी डोळे मिटले आणि श्वास घेतला. नाकपुड्या चुरचुरल्या, त्यापलीकडे काही नाही. लेबल ओळखीचं होतं. याच भट्टीची बाटली त्यांनी काही वर्षांपूर्वी उघडली होती, आणि ती त्यांना नीट आठवत होती. फटीतून मालकाचा चेहरा बघितला; तो खुशीत होता. मग ते बोलू लागले. आधी मध, म्हणाले. मग सुके जर्दाळू. मग जुन्या लाकडी कपाटाचं पॉलिश, आणि अगदी शेवटी, सगळे उठून गेल्यावर खोलीत राहतो तेवढाच धूर. बोलताना त्यांना स्वतःलाच तो वास आल्यासारखा वाटला.

ग्लास नाकाशी गेले. नाकवाले एकेक चेहरा न्याहाळू लागले.

"जर्दाळू!" पुढच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या.

"आणि पॉलिश, अगदी पॉलिश," त्यांच्या शेजारचे म्हणाले.

"वा!" मालकाने हुंगून मान डोलावली. "काय जर्दाळू आहे!"

ड्रायव्हरसाहेबांनी मात्र ग्लास दोनदा-तीनदा नाकाशी नेला, कपाळाला आठ्या घातल्या, आजूबाजूला पाहिलं, आणि ग्लास गुडघ्यावर ठेवून दिला.

लोक बोलण्यात गुंतल्यावर नाकवाले रिकाम्या ग्लासांचा ट्रे घेऊन आत गेले. त्यात एक भरलेला होता. बायकोने तो नाकाशी नेला आणि झटक्याने मागे घेतला.

"हे पाजलंत लोकांना?"

"का? काय झालं?"

"अहो, हे खराब आहे. ओला पुठ्ठा. ओल्या कपड्यांचं गाठोडं आठवडाभर बांधून ठेवलं की असं होतं. असा कपडा आला तर आम्ही घेतच नाही."

त्यांनी हातातला ट्रे खाली ठेवला. हा वास त्यांनी पूर्वी घेतलेला होता. बूच नासकं निघालं की अख्खी बाटली मरते.

"पिऊन कुणाला काही होईल का?" तिने विचारलं.

"होणार काही नाही. पण यात जर्दाळू आता औषधालाही नाही."

"मग गप्प बसा." तिने ओल्या हाताने त्यांची बाही धरली. "कुणाला कळलंय? सगळे माना डोलावतायत. तुमचे मालकसुद्धा. गप्प बसा, घरी जाऊ. नोकरी गेली तर काय करणार आहात?"

बरोबर होतं तिचं. अगदी सोळा आणे बरोबर. गप्प बसायचं ठरवूनच ते बाहेर आले, आणि समोर ड्रायव्हरसाहेब उभे.

"नाकवाले, यातली एक मला बांधून द्या."

"आवडली?"

"आवडली नाही हो." ड्रायव्हरसाहेबांनी आवाज खाली आणला. "तुम्हाला म्हणून सांगतो. मला ओल्या गोणपाटाचा वास आला. पण तुम्ही जर्दाळू म्हणालात, आणि सगळ्यांना आला की. म्हटलं, आपलंच नाक ते, डिझेलने गेलेलं. मध्ये उगाच वाटत होतं सुधारलंय म्हणून." ते कसनुसे हसले. "घरी रोज थोडी थोडी हुंगत बसेन. येईल कधीतरी जर्दाळू."

मालकाने विकायला म्हणून तसल्याच आणखी सीलबंद बाटल्या नुकत्याच फडताळावर मांडल्या होत्या. नाकवाल्यांनी तिकडे हात नेला, बाटलीला लावला आणि तो तिथेच राहिला. त्यांना लाज वाटली. आठ महिने भीती वाटत होती, लाज पहिल्यांदा वाटली. या माणसाला चांगलं नाक सापडलं होतं, आणि ते आपण आज त्याच्याकडून काढून घेतलं.

"ड्रायव्हरसाहेब," ते म्हणाले, आणि आवाज मुद्दाम न चढवताही सगळ्यांना ऐकू गेला. "तुमचं नाक बरोबर आहे. बाटली खराब आहे. बूच नासलंय."

त्यांनी फडताळावरचा हात खाली घेतला.

"जर्दाळू मी आठवणीतून सांगितला. मला वास येत नाही. ताप आला होता तेव्हापासून, आठ महिने झाले. काहीच येत नाही."

मालक आधी हसला. थट्टा वाटली त्याला. मग त्याने टेबलावरचा ग्लास उचलून पुन्हा हुंगला, आणि त्याचे कान लाल झाले. "मला मघाशीच शंका आली होती," पुढच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या. "पुठ्ठाच तो," पॉलिशवाले म्हणाले. बघता बघता वीसच्या वीस जणांना पुठ्ठ्याचा वास आला, आणि जर्दाळूवाले कुठे गेले देव जाणे. ड्रायव्हरसाहेब तेवढे पुढे आले. त्यांनी नाकवाल्यांचा हात हातात घेऊन दाबला आणि टोपी घालून ते निघून गेले.

माणसं पांगल्यावर मालकाने दार ओढून घेतलं.

"मला फसवलंत तुम्ही."

"हो."

"मग ते शर्ट, त्या चादरी? ते कोण सांगत होतं?"

नाकवाल्यांनी मागे पाहिलं. बायको आतल्या दारात पदराला हात पुसत उभी होती.

मालकाने तिच्याकडे पाहिलं. हिशेबी माणूस तो. रागात असतानाही त्याचं डोकं चालू होतं. "स्कॉचपाशी मी तुम्हाला ठेवू शकत नाही," तो नाकवाल्यांना म्हणाला. "गोदामात राहा हवं तर, खोके उतरवायला. पगार कमी होईल." मग तिच्याकडे वळला. "वहिनी, तुम्ही याल? यांच्या जागी. पगार जो यांना होता तोच देईन. लाँड्रीत काय ठेवलंय?"

नाकवाल्यांच्या जिवात जीव आला. सगळं काही बुडालं नव्हतं. "ये ना गं," ते घाईघाईने म्हणाले. "तुला तरी मजाच यायची की रोज."

"मजा?"

ती एवढंच म्हणाली. मग तिने पदर सोडला.

"बाबा घरी यायचे ना, तेव्हा आधी जिन्यातून हा वास यायचा आणि मग ते यायचे. वास आला की आम्ही दोघी बहिणी पलंगाखाली जायचो. अजून बाटली उघडली की माझ्या पोटात ढवळतं. आठ महिने मी खिडकीपाशी उभी राहून उलटी दाबतेय. तुमची नोकरी होती म्हणून." ती मालकाकडे वळली. "मला नाही जमणार, साहेब. ग्लास सगळे धुऊन ठेवलेत."

सासरे दारू प्यायचे, हे नाकवाल्यांना लग्नाच्या आधीपासून ठाऊक होतं. मुली पलंगाखाली लपायच्या, हे तिने एकदा सांगितलंही होतं, नवी नवी असताना. रोज संध्याकाळी टेबलावर त्या औषधाच्या बाटल्या मांडताना त्यांना त्यातलं काही म्हणजे काही आठवलं नव्हतं.

"गोदाम चालेल मला," ते मालकाला म्हणाले.

दोघं रस्त्याने निघाली. माफी मागायची म्हणून नाकवाले दोनदा थांबले, आणि पुन्हा चालू लागले. दिव्याच्या खांबापाशी ती थांबली आणि तिने दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले.

"बघा हो, वास येतोय का अजून?"

त्यांनी तिचे हात धरले, नाकाशी नेले. हात गार होते, पाण्याने बोटं सुरकुतली होती. त्यांनी लांब श्वास घेतला, पुन्हा एकदा घेतला. नाही येत असं म्हणून टाकणं सोपं होतं.

"मला कळत नाही गं," ते म्हणाले.

"राहू दे," ती म्हणाली. "घरी गेल्यावर पुन्हा धुवीन."